एकोणिसावा शेक

२८ डिसेंबर २०१८, शुक्रवार. सकाळचे सव्वासहा. डोंबिवलीच्या आमच्या घरात आत्या अंथरुणावर उठून बसली होती, पण पातळ बदललेलं नव्हतं. मीठ-सोड्याच्या गुळण्यांसाठी ठेवलेला कोमट पाण्याचा पेला समोर तसाच होता. मी म्हटलं, "आत्या, चल गं, गाडी चुकंल." तिनं मान हलवली. तोंड उघडायला तिला फार कष्ट पडायचे, तरी एक शब्द स्पष्ट बोलली.

"बास."

तिचे अठरा शेक झाले होते, बारा राहिले होते. रेडिएशनला आमच्याकडं कुणी रेडिएशन म्हणत नाही. शेक म्हणतात, कुणी लाईट म्हणतात. त्या शुक्रवारी ती शेकाला गेली नाही. सोमवारीही शेक झाला नाही. मंगळवारी, १ जानेवारीला, तिनं एकोणिसावा शेक घेतला आणि पुढं तिसांचे तीस पुरे केले. मधल्या चार दिवसांत काय बदललं, ते मी इथं जमेल तितकं नेमकेपणानं मांडते आहे. त्या आधीचे तीन आठवडे मी तिला धीर देण्यात घालवले होते आणि त्याचा तिला काहीही उपयोग झाला नव्हता.

आधीची हकिकत

आत्या तेव्हा ५४ वर्षांची. सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातल्या एका वाडीत राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा चाकणला कंपनीत कंत्राटावर, सलग दोन दिवस रजा घेतली तर नाव कमी होण्याची भीती. आत्या वाडीच्या शाळेत पोषण आहार शिजवायची. साठ-पासष्ट पोरांची खिचडी, आमटी-भात, कधी मटकीची उसळ. मीठ अंदाजानं टाकायची आणि ते कधी चुकायचं नाही.

तिला मशेरी होती. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं लावायला शिकवली. तंबाखू तव्यावर काळीभोर भाजायची, चुरून पूड करायची, डबीत भरायची आणि दिवसातून तीन-चार वेळा बोटानं हिरड्यांना लावायची. आमच्याकडच्या बायका याला व्यसन मानतच नाहीत. "दात घासायचं" म्हणतात. २०१२ मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण मशेरी घरातल्याच तव्यावर तयार होते. आत्याला कुणी "तंबाखू खाता का?" विचारलं की ती "नाही" म्हणायची, आणि तिच्या लेखी ते खरं होतं. पुढं दवाखान्यातही तिनं हेच उत्तर दिलं. शेवटी एका परिचारिकेनं "मावशी, मशेरी लावता का?" असं विचारलं तेव्हा कुठं खरी नोंद झाली.

डाव्या बाजूची खालची दाढ हलायला लागली म्हणून तिनं ती तालुक्याला काढून घेतली. जखम भरलीच नाही. चार महिने लवंगतेल, हळद, मलम चाललं होतं. सप्टेंबरमध्ये तुकडा तपासायला गेला आणि निदान झालं: गाल आणि हिरडी यांच्या खाचेतला कर्करोग. तोंडातली कोणतीही जखम तीन आठवड्यांत बरी झाली नाही तर ती तपासून घ्यायची असते, हे आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. ते आम्हाला त्या चार महिन्यांच्या मोबदल्यात कळलं.

२२ ऑक्टोबरला मुंबईत ऑपरेशन झालं. डाव्या जबड्याचा तुकडा आणि मानेतल्या गाठी काढल्या, छातीचं मांस वळवून गालाच्या आत बसवलं. वॉर्डात या ऑपरेशनला सगळे "कमांडो" म्हणतात. आत्याला तो शब्द आवडला होता. अहवालात दोन गोष्टी वाईट निघाल्या. हाडापर्यंत रोग पोचला होता आणि मानेतल्या एका गाठीत तो गाठीचं आवरण फोडून बाहेर आला होता. अशा वेळी ऑपरेशननंतर नुसते शेक पुरत नाहीत, सोबत केमो द्यावी लागते. २००४ मध्ये युरोप आणि अमेरिकेतल्या दोन मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष आले तेव्हापासून ही पद्धत पक्की झाली आहे. तीस शेक, आठवड्यातले पाच दिवस, आणि दर आठवड्याला एकदा सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध. ऑपरेशनपासून सहा आठवड्यांच्या आत शेक सुरू व्हायला हवेत. रेशन कार्डावर एक नाव आणि आधारवर दुसरं, म्हणून महात्मा फुले जनआरोग्य योजनेची मंजुरी अडली होती. वडिलांनी दाखल्यांसाठी पाटणच्या दोन खेपा केल्या. ३ डिसेंबरला पहिला शेक झाला. बरोबर सहा आठवडे.

तीन आठवड्यांत काय काय साचलं

शेक घेताना दुखत नाही. चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार साचा बनवतात, तो तोंडावर बसवून टेबलाला पक्का करतात म्हणजे डोकं हलत नाही, आणि दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. पहिले दहा दिवस आत्या म्हणायची, "ह्यात काय हाय? निजून ऱ्हायाचं." म्हणून आम्ही सगळे गाफील राहिलो.

तिसऱ्या आठवड्यात तोंड आतून सोलून निघालं. लाळ आटली आणि जी उरली ती तारेसारखी चिकट, थुंकताही येईना, गिळताही येईना. चव गेली. पाण्याचा घोट गिळताना ती डोळे गच्च मिटायची. आमच्या घरात पोरांची पाटी होती, तिच्यावर तिनं एकदा लिहिलं: "चुना लावल्यागत." वजन ४७ किलोवरून ४१ वर आलं. केमोच्या दुसऱ्या दिवशी मळमळ, कानात सतत बारीक शिट्टी. आणि या अवस्थेत रोज डोंबिवलीहून दादर, दादरला उतरून जिना, पुन्हा धीमी गाडी पकडून परळ. लोकलमध्ये दिव्यांगांच्या डब्यात कर्करोगाच्या रुग्णांना बसता येतं, पण सकाळच्या वेळी त्या डब्यातही दार अडवून धडधाकट माणसं उभी असतात. आत्या पदरानं तोंड झाकून उभी राहायची. आजार न दिसेल असा पदर घेतल्यावर जागा तरी कोण देणार?

मी काय करत होते? बोलत होते. "अजून थोडेच राहिलेत." "तू किती खंबीर आहेस." "पोरासाठी, नातीसाठी बरं व्हायचंय." बरे झालेल्या नटनट्यांच्या मुलाखती मी तिला मोबाइलवर दाखवल्या. गावाकडून फोन यायचे, "धीर सोडू नका, पॉझिटिव्ह राहा." कुणी काढा पाठवला, कुणी नवस बोललं. प्रत्येक फोननंतर तिला "बरी हाय" म्हणावं लागायचं, आणि ते दोन शब्द बोलताना तिचं तोंड फाटत होतं. आम्ही तिच्याकडून धैर्याची अपेक्षा करत होतो, आणि ते दाखवण्याचं ओझं रोगाच्या ओझ्यावर चढवत होतो. आज ते आठवलं की मला स्वतःचा राग येतो.

"झुंज" या शब्दाबद्दल इथंच सांगते. वर्तमानपत्रात नेहमी छापून येतं, "कर्करोगाशी झुंज अपयशी." म्हणजे जो गेला तो कुठंतरी कमी पडला. आत्याच्या शेजारच्या खाटेवर एक बाई होत्या, एकही दिवस न चुकवता सगळं केलं आणि तरी गेल्या. त्या कशात कमी पडल्या होत्या? मला तो शब्द तेव्हापासून सहन होत नाही.

शुक्रवार ते मंगळवार

शुक्रवारी मी आधी समजावलं, मग रागावले, आणि शेवटी नको ते बोलले: "आम्ही एवढं करतोय ते कुणासाठी?" आत्यानं पाटी उपडी ठेवली आणि भिंतीकडं तोंड करून झोपली. वडील बाहेरच्या खोलीतून सगळं ऐकत होते. ते आत आले, तिच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "आक्का, तुला न्हाय करायचं तर न्हाय. सोमवारी जाऊन डॉक्टरला तसं सांगून यिऊ. न सांगता सोडायचं न्हाय, एवढंच."

मला तेव्हा वाटलं, वडिलांनी हात टेकले. पण त्या वाक्यानं ती शांत झाली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं "नाही" ऐकून घेतलं होतं.

सोमवारी आम्ही तपासणीला गेलो. डॉक्टर वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी "का नाही करायचं?" असं विचारलं नाही. विचारलं, "मावशी, कुठं दुखतं? दहापैकी किती?" आत्यानं नऊ बोटं दाखवली. मग त्यांनी गोळ्यांचं पाकीट मागितलं आणि मोजलं. मोजल्यावर माझ्याच पायाखालची जमीन सरकली. आत्या वेदनेचं औषध अर्ध्याहून कमी घेत होती. "अगदीच ऱ्हावेना" असं झालं की एक, नाहीतर ठेवून द्यायची. शेजारच्या बाईनं सांगितलं होतं की दुखण्याच्या गोळ्यांनी किडनी जाते, आणि केमोच्या वेळी दर खेपेला किडनीचं रक्त तपासतात हे तिनं पाहिलं होतं. तिच्या हिशेबानं ती किडनी वाचवत होती. मी तिच्यासोबत रोज परळपर्यंत जात होते, पण गोळ्या कधी मोजल्या नव्हत्या.

डॉक्टरांनी आम्हाला वेदनाशमन विभागात पाठवलं. तिथं तोंडावाटे मॉर्फिन सुरू करायचं ठरलं आणि वडील दचकले. "म्हंजी अफूच की." तिथल्या डॉक्टरांनी ही शंका हसण्यावारी नेली नाही. वेदना असलेल्या माणसाला देखरेखीखाली, ठरल्या मात्रेत दिलं तर व्यसन लागण्याची भीती फार थोडी असते, आणि तोंड भरत आलं की मात्रा हळूहळू उतरवत बंद करतात, असं त्यांनी समजावलं. एक गोष्ट त्यांनी दोनदा सांगितली: दुखेल तेव्हा घ्यायचं नाही, घड्याळावर घ्यायचं, दर चार तासांनी. वेदना चढल्यावर औषध तिच्या मागं धावतं, ते आधी पोचायला हवं. सोबत पोट साफ राहायचं औषध चुकवायचं नाही, कारण मॉर्फिननं बद्धकोष्ठ होतोच. हे औषध पूर्वी मिळवणंच मुश्किल होतं. अमली पदार्थांच्या कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाल्यावर रुग्णालयांना ते ठेवणं थोडं सोपं झालं. आमच्या घरात या कायद्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं. त्या सोमवारी रात्री मात्र आत्या सलग पाच तास झोपली.

दुसरा प्रश्न नळीचा. नाकातून पोटात जाणारी नळी दुसऱ्याच आठवड्यात सुचवली होती आणि आत्यानं ठाम नकार दिला होता. आमच्या गावात एकाला नळी घातली आणि तो महिन्यात गेला. त्यामुळं "नळी म्हंजे शेवट" हे तिच्या डोक्यात पक्कं होतं. डॉक्टरांनी साचा मागवून घेतला, तिच्या चेहऱ्यावर धरला आणि गालाशी पडलेली फट आरशात दाखवली. "वजन असंच उतरलं तर साचा ढिला होतो, शेक चुकीच्या जागी पडायला नको म्हणून नवा करावा लागतो, त्यात दिवस जातात. नळी तोंडाला सुट्टी देण्यासाठी आहे. तोंड भरलं की काढायची." ही गोष्ट आम्हाला आधी सांगितली नव्हती असं नाही. पण आधी सगळे माझ्याशी बोलायचे. आरसा आत्याच्या हातात त्या दिवशी पहिल्यांदा आला.

मग आत्यानं पाटीवर लिहिलं, "सोडलं तर?"

मी श्वास रोखून धरला. डॉक्टरांनी घाबरवलं नाही, खोटंही सांगितलं नाही. म्हणाल्या की या रोगात उपचार लांबला तर उरलेल्या पेशी मधल्या वेळात पुन्हा वाढायला लागतात. वाया गेलेल्या एकेका दिवसामागं रोग आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्यानं घटते, असं अभ्यासात दिसलं आहे. दोन दिवस गेलेत, ते शनिवारी भरून काढता येतील. अजिबात सोडलं तर रोग परत येण्याचा धोका बराच वाढेल. "ठरवायचं तुम्हीच. पण मला तीन दिवस द्या. आधी दुखणं कमी करू. तीन दिवसांनीही नको वाटलं तर मी जबरदस्ती करणार नाही."

आत्यानं पाटी पुसली आणि तीन बोटं दाखवली.

परळची खोली

रोजचा लोकल प्रवास त्याच दिवशी संपवला. गरीब रुग्णांसाठी दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथं चौकशी केली, पण आमच्यासारखे अनेक जण रांगेत होते आणि त्यांना मुंबईत घरच नव्हतं. डोंबिवलीत छप्पर असताना ती जागा आपण अडवू नये असं वडिलांना वाटलं. परळला एका चाळीत ओळखीनं दहा बाय दहाची खोली मिळाली, महिन्याचं भाडं आगाऊ. दवाखाना चालत सात मिनिटांवर.

नळीतून भरवण्यात मी पहिल्याच दिवशी घोळ घातला. नाचणीची पेज पौष्टिक म्हणून केली, गाळली नाही, आणि थंड झाल्यावर ती दाटली. नळी तुंबली. परिचारिकेनं कोमट पाण्यानं हळूहळू मोकळी केली आणि मला नीट शिकवलं: आधी नळीवरची खूण जागेवर आहे का बघायचं, बसवून किंवा पाठीशी उशा लावूनच द्यायचं, दर दोन तासांनी एक पेला, आधी आणि नंतर पाणी सोडायचं, आणि प्रत्येक गोष्ट मलमलच्या फडक्यातून गाळायची. दूध, मिक्सरमधून काढलेलं उकडलेलं अंडं, मुगाचं कढण, शेंगदाण्याचं कूट दुधात घोटून. आठ दिवसांत वजन थांबलं. वाढलं नाही, पण घसरायचं थांबलं.

आणि रांगेतली ती बाई. शेकाच्या रांगेत आत्याच्या आधी बिहारहून आलेली एक बाई असायची. तिच्या जिभेचा काही भाग काढला होता, त्यामुळं बोलणं जवळजवळ बंद. आत्याला हिंदी येत नव्हतं, तिला मराठी येत नव्हतं, आणि दोघींनाही तोंड उघडवत नव्हतं. तरी त्या रोज शेजारी बसायच्या. एक आली नसेल तर दुसरी बाकावर पिशवी ठेवून जागा धरायची. १ जानेवारीला आम्ही पोचलो तेव्हा ती बाई उठून आत्याकडं आली, दोन बोटं दाखवली आणि हात हलवून विचारलं: दोन दिवस कुठं होतीस? आत्यानं नाकातली नळी दाखवली. तिनं पदर बाजूला करून आपलीही नळी दाखवली. बाकावर पिशवी होती. शुक्रवारीही ठेवली होती का, ते मला विचारता आलं नाही.

तिचे शेक आत्याच्या आधी संपले. पुढं तिचं काय झालं, आम्हाला कळलं नाही. नाव-पत्ता घ्यायचं कुणाला सुचलंच नाही.

तीन दिवसांची मुदत संपली तो शुक्रवार आला आणि गेला. कुणी विषय काढला नाही. डॉक्टरांनी फक्त "किती?" विचारलं, आत्यानं चार बोटं दाखवली.

८ जानेवारीला, पंचविसाव्या शेकाच्या सकाळी, ती पुन्हा बसून राहिली. मानेची कातडी काळी पडून सोलत होती, पांढऱ्या पेशी उतरल्यामुळं सहावी केमो रद्द झाली होती. यावेळी मी काही बोलले नाही. नळीतून दूध दिलं आणि शेजारी बसले. बऱ्याच वेळानं ती उठली, पातळ सारखं केलं. मला राहवलं नाही, विचारलं, "काय गं, कसं काय ठरवलंस?" मला वाटलं नातीचं नाव घेईल, देवाचं घेईल. तिनं पाटीवर लिहिलं: "खोलीचं भाडं भरलंय."

दोन शनिवार जादा घेऊन तिसावा शेक १४ जानेवारीला झाला, मुळात ठरला होता त्याच दिवशी. त्या दिवशी भोगी होती. चाळीत घराघरातून तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीचा वास येत होता. आत्याला वास येत होता, चव नव्हती.

त्यानंतर

शेक संपले की बरं वाटेल, हा आमचा समज खोटा निघाला. पुढचे दहा-बारा दिवस सगळ्यात वाईट गेले, कारण तोंडातली जखम शेक थांबल्यावरही काही काळ चढती राहते. हे आधी माहीत असतं तर घाबरून दोनदा दवाखान्यात धावलो नसतो. फेब्रुवारीच्या शेवटी नळी काढली, मॉर्फिन त्याच्या आधी उतरवत बंद झालं होतं. तोंड आवळू नये म्हणून आइस्क्रीमच्या लाकडी काड्यांची चवड दातांत धरायचा व्यायाम ती वर्षभर करत होती, दर काही दिवसांनी एक काडी वाढवत. आज दोन बोटं मावतील इतकं तोंड उघडतं. लाळ कमीच, म्हणून पाण्याची बाटली सतत जवळ असते. भाकरी आमटीत कुस्करूनच खाते. दात काढायची वेळ आली तर आधी "इथं शेक झालेत" असं सांगायचं, हे तिनं पाठ केलंय, कारण शेक झालेल्या जबड्यातली जखम सहज भरत नाही.

मशेरीची डबी? ती परळच्या खोलीत मला तिच्या बटव्यात सापडली होती. लावत नव्हती, उघडून वास घ्यायची. मी काही बोलले नाही. गावी गेल्यावर तिनं ती कुठं टाकली, मला ठाऊक नाही.

जानेवारी २०२४ मध्ये पाच वर्षं झाली. आता वर्षातून एकदा तपासणी. शाळेतलं काम दुसऱ्या बाईकडं गेलं, ते परत मिळालं नाही, आणि याची खंत तिला जबड्यापेक्षा जास्त आहे. गोड चव नीट आलीच नाही, मिठाचा अंदाज चुकतो, म्हणून आमटी झाली की नातीला हाक मारते आणि पळीतलं चाखायला देते.

गेल्या दिवाळीत शेजारच्या वाडीतला एक माणूस तिच्याकडं आला. त्याचे नऊ शेक झाले होते, सणाला घरी आला होता. सोबत बायको होती, ती सारखी म्हणत होती, "ह्यांना जरा धीर द्या." आत्यानं त्याला बसवलं, पाणी दिलं आणि बायकोला विचारलं, "गोळ्या कोण मोजतंय?" मग ती आत गेली आणि मलमलचं धुतलेलं फडकं घडी करून घेऊन आली.